जोडीचे दोन डबे आणि दादाचं तांबं

तांबं, तांबं, तांबं. चार वर्षं झाली बद्रीदादा, तुझ्या तोंडात दुसरा शब्द न्हाई. दिवाळीच्या फराळात तांबं, चारा छावणीवर चार माणसांत तांबं. आता माझा फोन उचलत न्हाईस ते न्हाईस, वर सत्यभामा वहिनीच्या तोंडी निरोप धाडतोस, "त्याला म्हणावं, डबा माझ्या वाट्याचा हाय. रविवारी फोडणार आणि माझं तांबं वसूल करणार." बरं. पाच-सहा किलो तांबं मी तुझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून उचललं असंल. उचललं, चोरलं न्हाई. त्याचं खाली लिहितो. पण हा कागद ठेवून देऊ नको. माझं पत्र तू वाचत न्हाईस, मला म्हाईत हाय. वहिनीच म्हणल्या, "भाऊजी, तुमचं पाकीट ते उघडत बी न्हाईत, पण स्टँपाचा कागद दिसला की चप्पल काढून वाचतात." म्हणून शंभराचा स्टँप घेतला. गुजरातचा हाय. आपल्याकडं चालतो का न्हाई ते ठाव न्हाई, पण चप्पल काढण्यापुरता चालंल.

तर लिहून ठेवणार मी, शहादेव सुंदरराव ढाकणे, वय वर्षे सव्वीस, शिक्षण सातवी पास, आठवी अर्धी, धंदा जुन्या सामानाची दुरुस्ती, मूळ राहणार चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, हल्ली मुक्काम अलंग, राज्य गुजरात. आज रोजी माझं डोकं ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही. कोणी दम दिलेला नाही आणि कोणी गोडी लावलेली नाही. उजव्या हाताची दोन बोटं भाजली आहेत म्हणून अक्षर वाकडं आहे. हे माझं पहिलं मृत्युपत्र आहे. आधीचं कोणतंही नाही, कारण आधी द्यायला काही नव्हतं.

माय, वहिनी तुला हे वाचून दाखवतील तवा पहिल्याच ओळीला रडू नको. मी मरायला निघालेलो न्हाई. पण अण्णा म्हणतात, माणूस कर्जाच्या कागदावर खोटं लिहील, सोसायटीच्या ठरावावर लिहील, मरणाच्या कागदावर लिहीत न्हाई. अण्णा म्हणजे आमचे वडील, गावच्या दूध सोसायटीचे सचिव, एवढ्या वर्षांत एक लिटर इकडचं तिकडं केलं न्हाई त्यांनी. लहानपणी त्यांच्या मांडीपाशी बसून सभेचं इतिवृत्त लिहिताना बघायचो, म्हणून 'सदर' आणि 'सर्वानुमते' एवढं मला येतं. बाकीचं जसं बोलतो तसं लिहिणार.

कलम एक. मिळकतीचं वर्णन.

लोखंडाचे काळे दोन डबे, एकसारखे, एकेकाचं वजन धान्याच्या अर्ध्या पोत्याला थोडं कमी. इंग्लंडात बनलेले. गाण्याचा बारीक आवाज मोठा करायची मशीन, म्हणजे अँप्लिफायर. आजकालच्या मशीनमधी चिमूटभर सामान असतं. ह्यांच्यात काचेचे वॉल्व आहेत, आपल्या जुन्या रेडिओत असायचे तसले, पण मोठे. एका डब्यावर पाच. चालू केले की पहिले तांबूस होतात, मग निखाऱ्यासारखे. बाजूला लोखंडाचे जड ट्रान्सफॉर्मर, त्यात तांब्याची तार. एक डबा डाव्या स्पीकरला, एक उजव्या. अशी ती जोडी आहे. बाहेरदेशी असल्या जुन्या जोडीला लोक मोटारसायकलीच्या वर किंमत देतात. हे मी इथं येऊन ऐकलं. आधी ऐकलं असतं तर दादा, तुला सांगितलं नसतं, कारण तू ते बी खोटं समजला असतास.

डावा डबा माझ्या वाट्याचा, उजवा बद्रीनाथच्या. ते कसं झालं ते कलम तीनमध्ये.

कलम दोन. मिळकत कशी आली.

आपला साखर कारखाना बुडाला. अण्णा त्याचे सभासद. शेअरची पावती अजून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असंल. दोन हजार नऊ साली कारखान्याचं भंगार निघालं तवा मी गेवराईत दस्तगीर चाचाकडं रेडिओ दुरुस्तीला होतो. चाचा मला घेऊन लिलावाला गेलते. गेस्ट हाऊसच्या सामानाचा एक ढीग होता, चिठ्ठी लावलेली, 'जुने रेडिओ सामान'. त्यात हे दोन डबे, रेकॉर्ड वाजवायची पेटी, दोन उंच स्पीकर आणि उंदरांनी खाल्लेल्या खोक्यात पाच-सहा रेकॉर्डी. एक भंगारवाला हातोडा घेऊनच उभा होता. म्हणला, "काच फोडून टाकू, तांबं तेवढं घेऊ."

चाचांनी माझं कोपर धरलं. "शाद्या, देख. चेअरमन साब के मेहमानां के वास्ते मंगाये थे. पचहत्तर के साल में मईच फ्यूज बदल्या था. ये छोडना नक्को."

"चाचा, खिशात एसटीचं भाडं हाय."

"तो फिर रो मत बाद में."

लिलाव जेवणानंतर होता. मी तुझ्या दुकानात आलो. तू कुणाची तरी मोटार विहिरीतून काढायला गेलतास, कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. जळक्या मोटारीच्या तांब्याचं पोतं कोपऱ्यात होतं. पुढचं तुला म्हाईत हाय. मी पैसे घेऊन लिलावाला परत आलो तवा भंगारवाला म्हणला, "पोरा, तुला ह्याचं काय करायचं?" मी म्हणलं, "ऐकायचं." सगळे हसले. कारखाना गुंडाळायला सरकारनं नेमलेले अवसायक साहेब बी हसले, आणि पावती फाडली.

अण्णांना एकच वाक्य म्हणलो होतो, "कारखान्यानं आपल्याला दिलेली ही एकच वस्तू, अण्णा." आणि दादा, तू विचारलंस, "कुठून आणलं बे?" तर मी म्हणलं, "चाचांनी दिलं." हे पहिलं खोटं. इथं लिहून ठेवतो.

दोन वर्षं मी आणि चाचा ते दुरुस्त करत होतो. खंडेनवमीला पहिल्यांदा घरी आणून चालू केलं. माय, आता तुझं येतं. तू हत्यारांची पूजा करतीस तशी ह्यांची बी केलीस. विळा, पाना, कुऱ्हाड आणि शेवटी डबे. हळद-कुंकू लावलंस तोवर ठीक होतं. मग आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलंस. तापलेल्या काचेवर गार पाणी! टक्क आवाज झाला आणि उजव्या डब्याचा मोठा वॉल्व तडकला. मी तुला जे बोललो ते शेजारच्या तुळजाबाईनं बी ऐकलं. तू म्हणलीस, "देवाचं पाणी लागून कुठं काय मरतं व्हय?" आणि चुलीपाशी जाऊन बसलीस. त्या बोलण्याची मी माफी मागतो. ती माफी हे मृत्युपत्र अंमलात येण्याची वाट न बघता आजच लागू समजावी.

तसला वॉल्व मिळवायला आठ महिने गेले. शेवटी परळीच्या एका बंद टॉकीजच्या मशीनमधले दोन मिळाले, वापरलेले. गेल्या वर्षी पावसाळा कोरडा गेला. विहिरी आटल्या म्हणून मोटारी बंद, मोटारी बंद म्हणून घरातलं व्होल्टेज पूर्ण. दुष्काळानं तेवढं एकच चांगलं केलं. एका संध्याकाळी अण्णा सोसायटीतून आले, चारशे लिटरचं दूध साठावर आलतं, तोंड पडलेलं. मी रेकॉर्ड लावली. एक बाई अभंग म्हणत होती.

अण्णा उभेच राहिले. म्हणले, "ही बाई कुठं बसलीय रे?"

"कुणी न्हाई अण्णा. दोन पेट्यांतून आवाज येतोय."

ते ऐकंनात. दोन स्पीकरच्या मधी गेले, भिंतीपाशी, आणि हात पुढं करून म्हणले, "हितं बसलीय. माठाच्या जवळ."

आणि दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला जायच्या आधी मायला म्हणले, "तो माठ सरकव तिथला. तिला जागा होईल." मायनं सरकवला.

दादा, तू उंबऱ्यावर बसलतास. आत आला न्हाईस. पण तुझा पाय हलत होता. मी बघितला.

कलम तीन. वाटणी.

दिवाळीला आपलं वाजलं आणि अण्णांनी वाटणी केली. आपली रीत, मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे मोठा चोरटेपणा करत न्हाई. तू दोन वाटे पाडलेस. दोन खोल्या इकडं, दोन तिकडं. वरची दोन एकर, खालची दोन एकर. आणि मग एक डबा ह्या वाट्यात, एक त्या वाट्यात.

मी म्हणलं, "दादा, जोडी फोडू नको. एका डब्यात ती बाई कोपऱ्यात जाऊन बसती."

तू म्हणलास, "बैल विकले तवा जोडी आठवली न्हाई? माझं तांबं ह्याच्यात हाय. बरोबर अर्धं-अर्धं पाडलंय. उचल."

तुझा हिशोब रीतीनं बरोबर होता. मी डावा उचलला. मग मला राहवलं न्हाई आणि मी म्हणलो, "तुझा तू उघडशील तर स्फोट होईल. अख्खी आळी उडंल." चाचा फराळाला आलते. त्यांच्या तोंडातला चिवडा उडाला. "स्फोट? ये क्या बम हय क्या बे?" सगळी आळी हसली. तू म्हणलास, "शाद्या, खोटं बोलायला बी शाळा लागती. तू आठवीतच सोडली."

हे दुसरं खोटं. आणि हेच मला आता नडतंय.

कारण तिसरं मी बोललो न्हाई, केलं. तुमी सगळे गाय घेऊन छावणीवर गेलतात तवा मी दोन्ही डब्यांचे वॉल्व काढले. दहाच्या दहा. माझ्या बनियनमधी गुंडाळले आणि गाव सोडलं. माझ्या मनात एवढंच होतं की ह्याला वाजवता येऊ नये आणि विकता बी येऊ नये. आधी सुरत, मग भावनगर, मग इथं. तुला तर म्हाईत हाय, मी एका जागी टिकत न्हाई. पण त्या दहा काचा कुठं फुटू दिल्या न्हाईत.

कलम चार. ह्या कलमासाठी बाकीचा कागद आहे.

इथं मोडायला आणलेल्या जहाजांचं सामान रस्त्याच्या कडेच्या दुकानांत विकायला येतं. त्याला इथं खाडा म्हणतात. पलंग, भांडी, फ्रिज, आणि कधीकधी जुने वॉल्वचे अँप्लिफायर. ते मी तपासतो. काल, गुरुवारी दुपारी, असाच एक आलता, वॉल्व नसलेला. शेठनं सकाळी गिऱ्हाईकाला दाखवायला त्याची पीन लावली होती आणि काढली होती. त्याला दोन तास झालते. पीन भुईवर पडलेली मी डोळ्यानं बघितली आणि दोन्ही हात आत घातले.

पुढचं हैदर सांगतो. तो शेजारच्या खाड्यात फ्रिज दुरुस्त करतो, आपल्या बीडचाच हाय. मला म्हणतो, तू बैलासारखा ओरडलास आणि मागं फेकला गेलास. मागं जहाजाच्या लाइफ जॅकेटांचा ढीग होता म्हणून डोकं राहिलं. छाती अजून धडधडते. शुद्धीवर आल्यावर हैदर म्हणला, "क्या रे, पीन तो निकाली थी ना?" आणि मला तुझा डबा आठवला. कारण तेच तू म्हणशील, दादा. पीन तर काढलीय ना.

नीट वाच. ह्या मशीनमधी करंट साठवायच्या टाक्या असतात. कपॅसिटर. तुझ्या मोटारीला बी कपॅसिटर असतो, पण ही टाकी वेगळी. हिच्यात चारशेच्या वर व्होल्ट भरतात, डीसी, जो धरला की सोडत न्हाई. भरायला वॉल्व लागत न्हाईत, ते काम आतला डायोड करतो. पीन काढल्यावर ती टाकी रिकामी व्हायला दोन वाटा. एक वाट वॉल्वमधून. दुसरी एक लहानशी रेझिस्टन्स असते, गळक्या नळासारखी, तिच्यातून हळूहळू सगळं वाहून जातं. उजव्या डब्यातली ती रेझिस्टन्स जळलती. मी कापून काढली आणि नवी टाकली न्हाई. चाचांना सांगितलं न्हाई. म्हणलं, वॉल्व आहेत ना, त्यातून होतंय रिकामं. आणि मग वॉल्व बी मीच काढून आणले.

म्हणजे दोन्ही वाटा मीच बुजवल्या. अख्ख्या जिल्ह्यात टाकी भरलेली दिसंना आणि तुझ्या दुकानात ही एक काठोकाठ.

काल सांजंला वहिनीला फोन केला. वहिनी म्हणल्या, "सोमवारी दुकानात नेला तो डबा. रोज एकदा पीन लावून बघतात, लागतो का म्हणून. दिवा लागंना. मग पीन काढून ठेवतात. म्हणले, मेलाय डबा, रविवारी फोडतो."

मेलेला न्हाई. तू रोज त्याला भरतोयस.

मी म्हणलं, "वहिनी, दादाला म्हणा, हात लावू नको, जीव जाईल." वहिनी आत गेल्या, आल्या, म्हणल्या, "ते हसले. म्हणले, आता आळीबरोबर मला बी उडवतोय का? वीस वर्षं मोटारी भरतोय, शाद्या मला करंट शिकवणार?" अण्णांना फोन केला तर ते म्हणले, "तुमच्या दोघांच्या डब्यात मला घेऊ नका." आणि ठेवला. चाचा मुलीकडं परळीला गेलेत, रविवारी येणार. त्यांनी बी तुला फोन केला. तू त्यांना म्हणलास, "चाचा, तुमी त्याच्याच पार्टीचे."

तुझी चूक न्हाई. माझ्या दोन खोट्यांच्या मागं हे खरं उभं हाय आणि ते तुला दिसत न्हाई. म्हणून स्टँप.

आज शुक्रवार हाय. पंडित नावाचा नांदूरघाटचा ड्रायव्हर इथून उद्या पहाटे ट्रक घेऊन निघतो. धुळ्यावरून, औरंगाबादवरून, गेवराईवरूनच पुढं जातो. रविवारी सकाळी पोचंल. तू दुकान किती वाजता उघडतोस ते मी त्याला तीन वेळा सांगितलं. तो म्हणला, "भौ, मी काय विमान हाय का?" पण म्हणला, गाडी धुळ्याला थांबवणार न्हाई.

कलम पाच. काय करायचं.

डबा फोडायचा असला तरी फोड. पण आधी हे कर.

पीन काढ. पायात कोरडी चप्पल घाल, कागद वाचायला काढलेली तीच. डबा लाकडी फळीवर उलटा ठेव. खालच्या पत्र्याचे सहा स्क्रू काढ, पत्रा उचलताना आत बोट घालू नको. मग डावा हात पँटीच्या खिशात घाल आणि काम संपेस्तोवर बाहेर काढू नको. चाचा मला पहिल्या दिवसापासून हेच सांगायचे, "एक हाथ जेब में." एका हाताला बसलं तर भाजतं. दोन हातांना बसलं तर मधी काळीज असतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड हाय. काल कळलं.

तुझ्याकडं मोटार तपासायचे दोन बल्ब एकामागं एक जोडलेले आहेत. ते घे. बोर्डात लावायचे न्हाईत, नुसते बल्ब आणि त्यांच्या दोन मोकळ्या वायरी. एक वायर चिमट्यानं डब्याच्या लोखंडाला लाव. दुसरी, रबर असलेल्या जागी धरून, त्या उंच पांढऱ्या टाकीच्या लाल वायरीला टेकव. पन्नास म्हणेस्तोवर धर. असं तीनदा कर, कारण ती मागून परत थोडी भरती.

आणि दादा, बल्बाकडं बघ. पीन काढलेल्या डब्यावर तुझे बल्ब पेटले, एका क्षणासाठी का होईना, तर शाद्या खरं बोलला. न्हाई पेटले तर मला आयुष्यभर खोटारडा म्हण, मी ऐकून घेईन. मला तर वाटतं न पेटलेलेच बरे.

कलम सहा. हे लिहायला हात धजत नाही, पण मृत्युपत्र आहे.

हा कागद पोचायच्या आधी काही झालं असंल तर माझी जमीन, माझ्या दोन खोल्या, जे काही माझ्या नावाचं आहे ते सगळं सत्यभामा वहिनीच्या नावानं करावं, आणि मला गावात घेऊ नये. मी येणार बी न्हाई. त्या कागदांवर सही कुणाची घ्यायची, एवढा प्रश्न सुद्धा माझ्यापर्यंत आणू नये.

काल रात्रीपासून मी वहिनीला अकरा फोन केले. सगळे लागले. अकराव्याला वहिनी म्हणल्या, "भाऊजी, ते जेवतायत हो. जित्ते आहेत. भाकरी मागतायत." मी म्हणलं, "आवाज ऐकवा." लांबून तुझा आवाज आला, "कोण हाय, त्याला म्हणावं तांबं." एवढं गोड मला ते तांबं कधी लागलं न्हाई.

कलम सात. बाकीची वाटणी.

माझं मीटर, तारांना डाग द्यायची कथलाची इस्त्री आणि पाने दस्तगीर चाचांना. त्यांचेच होते, मी येताना परत करायचे विसरलो असं म्हणलो होतो, विसरलो नव्हतो.

माझ्या दोन खोल्या माय असेपर्यंत मायच्या. तिथं तिनं ज्वारीच्या पापड्या वाळवाव्यात, स्पीकरवर वाळवल्या तरी माझी हरकत नाही, पाणी मात्र शिंपडू नये.

वरची दोन एकर अण्णांकडं. त्यात ह्या वर्षी काही येणार न्हाई, ते त्यांना मी सांगायला नको.

माझी गादी हैदरला द्यायची होती. पण इथला टायपिस्ट म्हणतो, साक्षीदाराला काही देता येत न्हाई, कागद कच्चा पडतो. म्हणून गादी कोणालाही दिलेली नाही. हैदरनं ती तशीच झोपायला वापरावी.

कारखान्याची शेअरची पावती अण्णांनी जाळू नये.

आणि डावा डबा, माझ्या वाट्याचा, मी बद्रीनाथ सुंदरराव ढाकणे, माझा सख्खा थोरला भाऊ, ह्यास देतो. मेल्यावर नाही, आजपासून. पंडितबरोबर दहाही वॉल्व पाठवतोय, जहाजाच्या औषधाच्या खोक्यात कापूस भरून. एकेकावर चिठ्ठी आहे, डावा की उजवा, कुठल्या भोकात. रेझिस्टन्स बी दोन पाठवल्या, चाचा बसवतील. आता दोन्ही डबे तुझे. जोडी तुझ्याकडं. बघ, वाटणी मोडली न्हाई, रीत मोडली न्हाई, आणि फोडलेलं जुळलं. मला ही अक्कल दिवाळीला यायला पाहिजे होती.

त्यावर एक अट आहे. अट म्हणजे मागणं. मी असो नसो, एका संध्याकाळी व्होल्टेज चांगलं असताना दोन्ही डबे लावावेत आणि अण्णांना बसवावं. तीच अभंगाची रेकॉर्ड. माठ परत जुन्या जागी आला असंल, तो आधी सरकवावा. तू उंबऱ्यावर बसू नको, आत बस.

ह्या मृत्युपत्राची तजवीज बघायला दस्तगीर चाचांना नेमतो. त्यांना एका डोळ्यानं कमी दिसतं, पण खोटं दोन्ही डोळ्यांनी दिसतं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, हैदर आणि पंडित ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. कलम सहाला पंडितनं बिडी विझवली आणि म्हणला, "पहाटंला न्हाई, आत्ताच निघतो." म्हणून पुढचं घाईत आहे.

लिहून ठेवणार: शहादेव सुंदरराव ढाकणे (सही डाव्या हातानं केली आहे, उजवा खिशात आहे)

साक्षीदार:
१. हैदर अमीन सय्यद, राहणार बीड, हल्ली अलंग (सही उर्दूत)
२. पंडित रामा हांगे, ट्रक ड्रायव्हर, राहणार नांदूरघाट, तालुका केज (सही करून गाडी चालू केली)

ठिकाण: अलंग, जिल्हा भावनगर
दिनांक: १९ एप्रिल २०१३, शुक्रवार

ता. क. दादा, वर लिहिलं की पाच-सहा किलो असंल आणि उचललं, चोरलं न्हाई. मरणाच्या कागदावर खोटं लिहायचं न्हाई म्हणून ती ओळ खोडायला गेलो, पण स्टँपावर खाडाखोड चालत न्हाई म्हणतात. तर इथं लिहितो. चोरलं. कडी काढून, मागं बघत, चोरलं. आणि किती होतं ते मला पक्कं ठाव हाय, काट्यावर मीच उभा होतो. साडेनऊ किलो. त्या वेळचा भाव धरत न्हाई, आज अलंगला जळक्या तांब्याला किलोमागं चारशे तीस चालू हाय, तो धरला. वॉल्वच्या खोक्यात, कापसाच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत पंडितबरोबर पाठवतोय. आता डब्यात तुझं तांबं न्हाई, ते ह्या पिशवीत हाय. मोजून घे. रुपये ४०८५, अक्षरी चार हजार पंच्याऐंशी.